मूट कोर्टमधून आंतरराष्ट्रीय कायदा खरंच शिकता येतो, की ती नुसती वक्तृत्व स्पर्धा असते?

तुम्ही विचारलंय की कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला मूटच्या, म्हणजे काल्पनिक खटला लढवण्याच्या स्पर्धेच्या, मागे लागावं का, कारण लांबून बघताना ती काळा कोट घालून केलेली भाषणबाजी वाटते, आणि शिवाय तुमचं इंग्रजी बेताचं आहे. मी विद्यार्थी असताना मूट केलं आहे, पुढे बेंचवर, म्हणजे न्यायाधीशांच्या जागी, बसून प्रश्नही विचारले आहेत. बोलणं हा त्यातला सगळ्यात लहान भाग. जेसप या आंतरराष्ट्रीय कायद्यावरच्या मूट स्पर्धेत एका बाजूला ४५ मिनिटं मिळतात, तीही दोन स्पीकरमध्ये वाटून, आणि त्यातली बरीचशी न्यायाधीशांच्या प्रश्नांत जातात. त्याआधीचे कित्येक महिने नुसतं वाचन आणि मेमोरियल, म्हणजे लेखी युक्तिवाद, लिहिणं चालू असतं.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीतलं कलम ३८, म्हणजे आंतरराष्ट्रीय कायद्याचे स्रोत, परीक्षेत सगळेच लिहितात: करार, रूढी, सर्वसाधारण तत्त्वं. मूटमध्ये मात्र तुम्ही एखादा नियम सांगितला की लगेच प्रश्न येतो, ‘हा समोरच्या देशावर बंधनकारक आहे, कशावरून?’ देशातल्या कोर्टात अधिनियमाचं कलम दाखवलं की भागतं. इथे सगळ्या देशांची मिळून एक संसद नाही. रूढी सिद्ध करायची तर देश तसे वागतात एवढं दाखवून पुरत नाही; तसं वागणं कायद्याने बंधनकारक आहे असं समजून ते वागतात, हेही दाखवावं लागतं. नॉर्थ सीच्या समुद्रतळाच्या हद्दीवरच्या १९६९ च्या निकालात डेन्मार्क आणि नेदरलँड्स यांचा समान अंतराच्या रेषेचा मुद्दा नेमका इथेच पडला. हा निकाल नोट्समध्ये दोन ओळींचा असतो. तोच बेंचसमोर वापरायला गेलात की परिच्छेदन् परिच्छेद वाचावा लागतो.

कुलभूषण जाधव प्रकरण घ्या, ते तुम्हाला ऐकून माहीत असेलच. आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा २०१९ चा तो निकाल मूट करणाऱ्याच्या नजरेने वाचा. जाधव हेर होते की नव्हते, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच. अधिकारक्षेत्र मिळालं ते १९६३ च्या वाणिज्य दूतविषयक व्हिएन्ना कराराला जोडलेल्या ऐच्छिक प्रोटोकॉलमुळे, त्यामुळे सगळा वाद वकिलातीला भेट नाकारण्याभोवतीच फिरला. हेरगिरीच्या आरोपाला त्या कराराचं कलम ३६, म्हणजे वकिलातीच्या भेटीचा हक्क, लागू होत नाही, असं पाकिस्तान म्हणत होता. मग करार वाचायचा कसा? आपण सवयीने १९६९ च्या करारविषयक व्हिएन्ना कराराचं कलम ३१, म्हणजे करारांचा अर्थ लावायचा नियम, पुढे करतो. पण भारत आणि पाकिस्तान दोघेही त्या कराराचे सदस्य नाहीत! न्यायालयाने त्यातले अर्थनिर्णयाचे नियम रूढी म्हणून लावले. ‘दोन्ही देश सदस्य आहेत का?’ हा मी बेंचवरून हमखास विचारायचो, आणि चांगल्या चांगल्या टीम तिथे अडखळायच्या.

मागणीचंही तसंच. भारताला शिक्षा रद्द होऊन सुटका हवी होती. न्यायालयाने परिणामकारक पुनर्विलोकन आणि फेरविचार एवढंच दिलं. मेमोरियलच्या शेवटी आपण काय मागतोय आणि ते देणं न्यायालयाच्या हातात आहे का, हा विचार वर्गात क्वचितच होतो.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे दोन्ही बाजू मांडाव्या लागतात. समजा, एका देशाने दुसऱ्या देशातल्या बंडखोरांना पैसा आणि शस्त्रं दिली. बंडखोरांच्या कृत्यांची जबाबदारी मदत देणाऱ्या देशावर येते का? अर्जदार म्हणून तुम्ही युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणाचा १९९९ चा टाडिच निकाल पुढे करता, कारण तिथे गटावरचं एकंदर नियंत्रण पुरेसं मानलं होतं. पुढच्या राउंडला प्रतिवादी झालात की आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या १९८६ च्या निकाराग्वा निकालातली परिणामकारक नियंत्रणाची, म्हणजे त्या विशिष्ट कृत्यांवरच्या नियंत्रणाची, कडक कसोटी तुमची, आणि २००७ च्या बोस्निया निकालात ती पुन्हा उचलून धरली म्हणून तुम्ही जोरात. असं दोनदा फिरलं की कोणता युक्तिवाद खरोखर कच्चा आहे ते कळू लागतं. माझ्या मते मूटची खरी कमाई ही. ट्रॉफ्या कपाटात धूळ खातात.

खोटेपणाही आहे, तो लपवत नाही. मूट प्रॉब्लेममधले देश काल्पनिक, तथ्यं दोघांना मान्य. खऱ्या खटल्यात अर्धं भांडण पुराव्याचं आणि अधिकारक्षेत्राचं असतं, आणि निकाल लागल्यावर तो कोण पाळणार हा प्रश्न उरतोच. ‘युअर एक्सलन्सी’चा नाटकीपणाही मला कधी झेपला नाही. ही कृत्रिमता खुपत असेल तर मानवतावादी कायद्यावरची, म्हणजे युद्धातल्या नियमांवरची, ज्याँ-पिक्ते स्पर्धा बघा. तिथे मेमोरियल नसतं. प्रसंग देऊन तुम्हाला कधी लष्करी सल्लागार, कधी रेड क्रॉसचा प्रतिनिधी करतात.

इंग्रजीचं म्हणाल, तर पहिल्या वर्षी रिसर्चर म्हणून टीममध्ये जा. प्रश्नाला आधी ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून मग कारण देणारा साध्या इंग्रजीतला स्पीकर, फिरवाफिरव करणाऱ्या फाडफाड बोलणाऱ्यापेक्षा जास्त गुण घेतो; मी स्वतः तसे दिले आहेत. सुरुवातीला जाधव निकाल आणि त्याला जोडलेलं न्यायमूर्ती जिलानी यांचं विरोधी मत लागोपाठ वाचा आणि प्रतिवादीच्या बाजूने एक पानभर मुद्दे लिहून बघा. त्यात मजा आली तर नाव नोंदवा.