वाचकांचे प्रश्न : पॉलिमरेज बसलं, पण निघेना

प्रश्न : ई. कोलाय या जिवाणूच्या डीएनएत सुमारे ४६ लाख अक्षरजोड्या आहेत. प्रमोटरची (जनुकाचं वाचन जिथून सुरू होतं त्या जागेची) खूण म्हणून शिकवलेला टी-ए-टी-ए-ए-टी हा क्रम त्यात योगायोगानेही कितीतरी ठिकाणी येणार. मग आरएनए पॉलिमरेजला (डीएनएवरून आरएनए बनवणाऱ्या एन्झाइमला) खरी जागा कशी कळते? (बी.एस्सी. तृतीय वर्ष, कोल्हापूर)

उत्तर : शंका रास्त आहे. हिशोबच करू. चारही अक्षरं सारख्या प्रमाणात धरली तर ठरावीक सहा अक्षरांचा क्रम ४०९६ जागांमागे एकदा येतो. दोन्ही धागे मिळून ९२ लाख जागा, म्हणजे सव्वादोन हजार ठिकाणी हा क्रम निव्वळ योगायोगाने सापडेल. त्यामुळे एवढ्या खुणेवर काम भागत नाही.

पॉलिमरेजचा पाच घटकांचा गाभा आरएनए जोडू शकतो, पण जागा ओळखू शकत नाही. तो डीएनएला कुठेही चिकटतो. ओळखण्याचं काम सिग्मा या सहाव्या घटकाचं. तो १९६९मध्ये सापडला. सिग्माचा एक भाग उणे ३५च्या आसपास (आरएनए जिथून सुरू होतो त्याच्या ३५ अक्षरं आधी) टी-टी-जी-ए-सी-ए हा क्रम शोधतो, दुसरा भाग उणे १०पाशी टी-ए-टी-ए-ए-टी. पहिला क्रम दुहेरी गोफ मिटलेला असतानाच बाहेरून वाचला जातो. दुसऱ्याची खरी पारख गोफ उकलल्यावर होते : उणे ११वरचं ए आणि उणे ७वरचं टी ही अक्षरं बाहेर वळून सिग्माच्या खोबणीत बसतात. खोबणीत नीट बसली, तर बारा-चौदा जोड्यांचा उकललेला बुडबुडा टिकतो. नाहीतर गोफ पुन्हा मिटतो.

दोन्ही क्रमांमधलं अंतरही तितकंच महत्त्वाचं. १७ जोड्या सर्वांत उत्तम. एक जोडी वाढली की दुसरा क्रम नुसता लांब जात नाही, गोफाभोवती सुमारे ३४ अंशांनी फिरतोही. १६ किंवा १८ चालून जातात, पण १५ किंवा १९ झाल्या की सिग्माचे दोन्ही हात एकदम पोहोचणं अवघड होतं.

आता लॅक प्रमोटर (दुधातली साखर पचवणाऱ्या जनुकांचा) कागदावर लिहून पाहा : टी-टी-टी-ए-सी-ए, मग १८ जोड्या, मग टी-ए-टी-जी-टी-टी. पाठ्यपुस्तकातल्या आदर्शापेक्षा तीन अक्षरं वेगळी आणि अंतर एकाने जास्त. म्हणूनच त्याला कॅप या मदतनीस प्रथिनाचा आधार लागतो. यूव्ही-५ या प्रकारात उणे १०ची दोनच अक्षरं बदलून आदर्श क्रम झाला आहे, आणि त्याला कॅपची गरज उरत नाही. ‘आदर्श’ या शब्दावर मात्र फार जाऊ नका. जिवाणूला प्रत्येक जनुक जोरात चालवायचं नसतंच.

प्रश्न : टॅक या कृत्रिम प्रमोटरच्या सरळ डीएनए तुकड्यावर, शुद्ध पॉलिमरेज वापरून प्रतिलेखन (डीएनएवरून आरएनए बनवणं) करतो. यूटीपी (यू अक्षराचा कच्चा माल) किरणोत्सारी, एकूण २० मायक्रोमोलर. बाकी तिन्ही अक्षरांचा माल २०० मायक्रोमोलर. अखंड आरएनएची पट्टी फिकट, तळाशी तीन ते दहा अक्षरांचे तुकडे मात्र ढिगाने. हेपॅरिन टाकून पाहिलं तर काहीच मिळालं नाही. एन्झाइम खराब आहे का? (संशोधक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : बहुधा नाही. ते तुकडे आरएनएजने (आरएनए तोडणाऱ्या एन्झाइमने) कुरतडलेले नाहीत, सुरुवातीलाच सुटून पडलेले आहेत. पॉलिमरेज प्रमोटर न सोडता आरएनए जोडू लागतं. स्वतः जागच्या जागी राहून पुढचा डीएनए आत ओढतं, त्यामुळे बुडबुडा फुगत जातो आणि ताण साठतो. त्यातच सिग्माचं एक बोट आरएनएच्या बाहेर पडण्याच्या वाटेत आडवं असतं. साधारण दहा अक्षरांपर्यंत पोहोचेस्तोवर दोनच शक्यता : प्रमोटरवरची पकड सुटेल, नाहीतर तुकडा निसटून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होईल. टॅकची उणे ३५ आणि उणे १० दोन्ही आदर्श असल्याने पकड घट्ट, म्हणून हे जास्त होतं.

पण तुमच्या मांडणीत आणखी एक भर पडली आहे. टॅकवरचा आरएनए लॅकसारखाच ए-ए-यू-यू-जी-यू असा सुरू होतो. तिसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या जागी यू हवं, आणि नेमकं तेच तुम्ही दहापट कमी ठेवलंय! साखळी ऐन नाजूक वळणावर यूची वाट पाहत थांबते आणि निसटते. यूटीपी १०० ते २०० मायक्रोमोलर करा, किंवा किरणोत्सारी खूण सीटीपीवर न्या. दुसरा मार्ग घेतलात तर एक ध्यानात ठेवा : पहिलं सी दहाव्या जागी आहे, त्यामुळे त्याआधी निसटलेले तुकडे जेलवर दिसणारच नाहीत. ते थांबले असा निष्कर्ष काढू नका. ग्रे-ए प्रथिन उपलब्ध असेल तर घालून पाहा. त्याने निसटणं कमी होतं.

हेपॅरिनचा घोळ बहुतेक क्रमाचा आहे. आधी डीएनए (१० नॅनोमोलर) आणि सिग्मासह एन्झाइम (५० नॅनोमोलर) ३७ अंशांना दहा मिनिटं एकत्र ठेवा, म्हणजे गोफ उकलेल. मग चारही न्यूक्लिओटाइडं आणि हेपॅरिन (मिलीलिटरला ५० ते १०० मायक्रोग्रॅम) एकदमच घाला. हेपॅरिन मोकळं एन्झाइम टिपतं. आधीच टाकलं तर सगळंच टिपून बसतं. डीएनए आणि एन्झाइमचं मिश्रण बर्फावर ठेवलं असेल तरी तेच होईल, कारण थंडीत गोफ उकलत नाही. मॅग्नेशियम क्लोराइड १० मिलिमोलर, पोटॅशियम क्लोराइड १००च्या आसपास. त्याहून फार वर गेलात तर पकड सुटते.

चुकीच्या लांबीच्या, धूसर पट्ट्याही दिसत असतील तर सिग्मा कमी पडतंय. नुसता गाभा डीएनएच्या टोकांपासून आणि खाचांपासून प्रतिलेखन सुरू करतो.

प्रश्न : रिफाम्पिसिन हे क्षयावरचं औषध प्रतिलेखनाच्या या सुरुवातीत नेमकं कुठे आडवं येतं? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : पॉलिमरेज बसतं, गोफ उकलतो, पहिली दोन-तीन अक्षरंही जुळतात. तिथे वाट बंद. औषध पॉलिमरेजच्या बीटा घटकात, आरएनए जाण्याच्या मार्गालगत बसलेलं असतं. ज्याचा आरएनए आधीच लांब झालाय त्या पॉलिमरेजला मात्र ते अडवत नाही. क्षयाच्या जंतूत, बीटा घटक घडवणाऱ्या आरपीओबी जनुकाच्या ८१ अक्षरांच्या पट्ट्यात बदल झाला की औषध तिथे बसेनासं होतं. सर्रास आढळणारा बदल म्हणजे सेरीन या अमिनो आम्लाच्या जागी ल्यूसीन. थुंकीची सीबीनॅट चाचणी किंवा गोव्यात तयार होणारी ट्रूनॅट रिफाम्पिसिनला दाद न देणारा जंतू ओळखते ती याच पट्ट्यातले बदल हेरून. ट्रूनॅटमध्ये मात्र आधी क्षयाचा जंतू आहे का हे पाहतात, आणि असल्यास रिफाम्पिसिनसाठी वेगळी चिप लावतात.