लठ्ठपणा वाढला की देशाला नेमका काय फटका बसतो?

दवाखान्याचं बिल सगळ्यांना दिसतं. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, झिजलेले गुडघे. यातलं बरंचसं एकदा औषध घेऊन संपत नाही, वर्षानुवर्षं चालतं. ओईसीडी या बहुतांशी श्रीमंत देशांच्या आर्थिक संघटनेच्या 2019 च्या अहवालात हिशेब आहे: ओईसीडी देशांच्या आरोग्यावरच्या खर्चातले सुमारे 8.4 टक्के वाढलेल्या वजनातून येणाऱ्या आजारांवर जातात.

पण माझ्या मते खरी गळती कामाच्या ठिकाणी होते, आणि ती कुठल्याच पावतीवर येत नाही. आठ तास उभं राहून काम करणारा माणूस गुडघेदुखीमुळे दर तासाला टेकायला जागा शोधतो. हजेरी पूर्ण लागते, काम मात्र पाऊणच होतं. पुढे रजा वाढतात, पन्नाशीतच नोकरी सुटते, घरातलं कुणीतरी काम सोडून त्याची देखभाल करतं. आजारांचा खर्च आणि कामाचं नुकसान धरून त्याच अहवालाने ओईसीडी देशांचं जीडीपी सरासरी 3.3 टक्क्यांनी कमी होईल असा अंदाज दिलाय.

सामाजिक किंमत पैशात मोजता येत नाही. वर्गात चिडवलं जाणारं मूल मैदानावर जायचं टाळतं, मग वजन आणखी वाढतं. मुलाखतीत 'आळशी असेल' असं मनातल्या मनात ठरवलं जातं. डॉक्टरही कधीकधी प्रत्येक तक्रारीवर 'आधी वजन कमी करा' एवढंच म्हणतात. मग माणूस दवाखान्यातच जात नाही आणि आजार उशिरा कळतो. म्हणजे खर्च पुन्हा वाढलाच!