मिस्सा म्हणजे विसर्जन

प्रश्न : पोपनी लॅटिन मिस्सावर बंदी घातल्याचं वाचलं. 'मिस्सा' हा शब्द मूळ हिब्रू असून त्याचा अर्थ 'अर्पण' होतो, हे खरं का?

उत्तर : मिस्सा हा कॅथलिकांचा, येशूच्या बलिदानाचं स्मरण करणारा भाकर-द्राक्षारसाचा उपासनाविधी. त्याच्या जुन्या, १९६९पूर्वीच्या रूपाला सरसकट 'लॅटिन मिस्सा' म्हणणं आधी थांबवा. पोप सहाव्या पॉलनी १९६९ मध्ये जाहीर केलेल्या नव्या विधीची मूळ संहितासुद्धा लॅटिनच आहे आणि ती लॅटिनमध्ये म्हणताही येते. पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०२१ मध्ये निर्बंध घातले ते १९६२च्या मिस्सल-ग्रंथावर, म्हणजे जुन्या विधीच्या संहितेवर. बिशपची परवानगी असेल तर तो आजही वापरता येतो. जुन्या विधीला धरून राहिलेल्या परंपरावाद्यांना लॅटिन प्रिय आहेच, पण खरं भांडण मजकुराचं आहे. जुन्या विधीत पुरोहित भाकर उचलून 'हा निष्कलंक बळी स्वीकार' म्हणतो. नव्यात त्या जागी भूमीचं आणि मानवी श्रमाचं फळ दिल्याबद्दल देवाची स्तुती आली. बलिदान झाकलं जाऊन नुसतं सहभोजन उरलं, ही त्यांची तक्रार. बातमीदार मात्र 'लॅटिन' म्हणून मोकळे होतात.

आता शब्द. वसईची 'मिस्सा' आणि गोव्याचं 'मीस' पोर्तुगीजांनी आणलं, पोर्तुगीज भाषेत ते लॅटिनमधून आलं, हे उघड आहे. गंमत पुढे आहे. विधीच्या शेवटी पुकारतात : 'इते, मिस्सा एस्त'. यातला 'इते' म्हणजे आपल्या संस्कृतातला 'इत'! 'इ' धातू, आज्ञार्थ, मध्यमपुरुष, बहुवचन : 'जा तुम्ही'. दोन्ही रूपं एकाच आजीची नातवंडं. 'मिस्सा' हे 'मित्तेरे', म्हणजे पाठवणे, सोडणे, यावरून झालेलं नाम : निरोप, रजा. म्हणजे 'मिस्सा संपली, जा' हे प्रचलित भाषांतर चूक; 'जा, निरोप झाला' हे बरोबर. माझ्या मते याला मराठीत एकच चपखल शब्द आहे, विसर्जन. 'वि' अधिक 'सृज्', सोडून देणे. सभाही विसर्जितच होते. शेवटच्या निरोपाचंच नाव सगळ्या विधीला मिळालं; अख्ख्या गणेशोत्सवाला 'विसर्जन' हेच नाव पडावं, तसं झालं आहे हे! फरक इतकाच की 'यान्तु देवगणाः सर्वे' म्हणत आपण देवांना निरोप देतो, तिथे भक्तांना देतात.

हिब्रूचं पिल्लू सोळाव्या शतकातल्या पंडितांचं. बायबलच्या 'अनुवाद' पुस्तकात (१६:१०) अर्पणाच्या संदर्भात 'मिस्सा'सारखा शब्द सापडला आणि ते खूश झाले. पण आमेन, हालेलुया, होसान्ना हे हिब्रू शब्द लॅटिनमध्ये आले ते ग्रीकच्या वाटेने. ग्रीक ख्रिस्ती या विधीला मिस्सा म्हणतच नाहीत, 'लितुर्गिया' म्हणतात. वाटच नाही तर शब्द आला कुठून? मध्ययुगीन धर्मपंडित थॉमस अक्वायनस म्हणतात, बळी देवाकडे 'पाठवला' गेला म्हणून मिस्सा. परंपरावाद्यांना हा अर्थ फार आवडतो. धर्मशास्त्र उत्तम, व्युत्पत्ती कच्ची. इ.स. ५००च्या सुमारास बिशप अव्हितुस स्पष्ट लिहितात की चर्चमध्येच नव्हे, राजवाड्यात आणि न्यायासनापुढेही लोकांना सोडताना 'मिस्सा' पुकारतात. राजवाड्यात कुठला बळी?

नवा विधी आणणाऱ्या सुधारकांनी जुन्या विधीची खिल्ली उडवली ती याच वाक्यावरून : 'जा' म्हणतात आणि मग आशीर्वाद देतात, वर योहानाच्या शुभवर्तमानाची पहिली चौदा वचनं वाचतात. 'शब्द देही झाला' या ओळीला सगळे गुडघा टेकतात, तरी जायचं नाव नाही. नव्या विधीत आधी आशीर्वाद, मग निरोप आणि ते अंतिम वाचन गेलं. व्याकरण नव्यांच्या बाजूने आहे, हे कबूल. मात्र हे भाग मागाहून एकेक करून जोडले गेले. जुन्या वाड्यालाही पडव्या असतातच.

आणि 'बळी पाठवला'वाल्यांना त्यांच्याच १९६२च्या ग्रंथातला दाखला देतो. पवित्र गुरुवारी (गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी), खुद्द येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणदिनी, 'इते, मिस्सा एस्त' म्हणतच नाहीत. त्याऐवजी 'प्रभूची स्तुती करू या' म्हणतात. कारण पुढे मिरवणूक असते आणि लोकांनी थांबायचं असतं. वाक्याचा अर्थ 'बळी पाठवला' असता, तर ते याच दिवशी कशाला गाळलं असतं?