वाचकांचे प्रश्न : किर्शनरचा वेग आणि मळणारे रंग

प्रश्न : जर्मन अभिव्यक्तिवादी चित्रकार अर्न्स्ट लुडविग किर्शनर याची चित्रं मला फार आवडतात. त्याच्यासारखं एका बैठकीत, उत्स्फूर्तपणे तैलरंगात काम करायला घेते, पण अर्ध्या तासात रंगांचा चिखल होतो. कुठे चुकतंय? (एक वाचक, सांगली)

उत्तर : उत्स्फूर्तपणात चूक नाही. ओल्या रंगावर ओला रंग पुन्हा पुन्हा फिरवणं नडतं. लाल-हिरवा, निळा-नारिंगी असे विरोधी रंग कुंचल्याखाली दोन-तीनदा घोळले की एकमेकांना मारतात आणि तपकिरी राखाडी उरतो. त्यात पांढरा गेला की खडूसारखी मळकट छटा येते. किर्शनरच्या १९१३ ते १९१५ या काळातल्या बर्लिनच्या रस्त्यांच्या चित्रांत फटके तिरके, एकाशेजारी एक पडलेले दिसतात. फटका मारला की तो सोडून द्यायचा, त्याला पुन्हा कुरवाळायचं नाही.

मुख्य रंग चार ठेवा आणि प्रत्येकाला वेगळा चपटा, राठ केसांचा कुंचला. रंग आधीच भरपूर, अक्रोडाएवढा काढून ठेवा. मध्येच ट्यूब उघडायला थांबलात की हात अडतो. फटका चुकला तर वर रंग चढवू नका. पॅलेट नाइफने (रंग कालवायच्या बोथट सुरीने) खरवडा, टर्पेंटाइनच्या चिंधीने पुसा, मगच नवा फटका.

आता वेगाविषयी. १९०५मध्ये ड्रेस्डेनला किर्शनर, हेकेल, श्मिट-रोटलुफ आणि ब्लाइल या वास्तुकलेच्या चार विद्यार्थ्यांनी ‘ब्रुके’ हा गट काढला. मॉडेलने दर पंधरा मिनिटांनी स्थिती बदलायची आणि तेवढ्यात रेखाटन संपवायचं, असा त्यांचा सराव होता. पुढे बर्लिनमध्ये किर्शनर खिशातल्या वहीत रस्त्यावरची माणसं झरझर टिपायचा आणि मग कॅनव्हासकडे वळायचा. आपल्याला दिसते ती मोकळीक या ढीगभर रेखाटनांवर उभी आहे, आणि नेमकं हेच सांगायचं राहून जातं.

तुम्हीही पंधरा मिनिटांचा गजर लावा. न्यूजप्रिंट कागद, जाड चारकोल, खोडरबर नाही. पहिल्या दोन मिनिटांत वजन कोणत्या पायावर आहे आणि पाठीचा कणा कुठे वाकतो एवढंच बघा. चेहरा शेवटी. बहुतेकजण डोळ्यांपासून सुरुवात करतात आणि पाय कागदाबाहेर जातात.

प्रश्न : त्याला प्रेरणा कुठून मिळत होती? (एक विद्यार्थी, मुंबई)

उत्तर : ड्रेस्डेनच्या वंशशास्त्र संग्रहालयातल्या पलाऊ बेटांच्या कोरीव, रंगवलेल्या तुळया, व्हॅन गॉगची चित्रं, मोरित्सबुर्गच्या तळ्यांवरचे उन्हाळे. पण चित्रकाराच्या हाताला सगळ्यात जास्त शिकवणारी गोष्ट म्हणजे लाकूडठसा, म्हणजे लाकडात चित्र कोरून, शाई लावून कागदावर उमटवलेला ठसा. सुरीला लाकडात मऊ वळण सहज घेता येत नाही. रेघ टोकदार होते, आणि मधल्या करड्या छटा नसल्याने काळं की पांढरं हे ठरवावंच लागतं. बर्लिनच्या चित्रांतले कोनदार चेहरे पाहताना ही सुरी आठवते. १५ × २० सेंटिमीटरच्या लिनोच्या (ठसे कोरायला वापरतात त्या मऊ लिनोलियमच्या) तुकड्यावर तुमच्या रेखाटनातली एक आकृती कोरून पाहा.

प्रश्न : तो रंगात पेट्रोल घालायचा, हे खरं का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : हो. तो तैलरंग पेट्रोलने पातळ करायचा आणि त्यात मेणही घालायचा. त्यामुळे रंग लवकर ओढला जातो आणि पृष्ठभाग चकाकत नाही. तुम्ही मात्र पेट्रोल वापरू नका. वाफ पेटते आणि छातीत जाते. टर्पेंटाइन घ्या, खिडकी उघडी ठेवा. मेणासाठी तयार कोल्ड वॅक्स मीडियम मिळतं. रंगाच्या पाव भागापुरतं घाला आणि कॅनव्हासऐवजी प्राइम केलेल्या (अस्तराचा थर दिलेल्या) फळीवर काम करा, कारण मेणाचा जाड थर ताणलेल्या कापडावर तडकू शकतो. टर्पेंटाइन जास्त झालं तर रंगाला धरून ठेवणारं तेल पुरत नाही. आठवड्याने कोरडं बोट फिरवा. भुकटी लागली तर पुढच्या वेळी द्रावक निम्मं करा. वर चकचकीत व्हार्निश लावू नका, मेहनतीने आणलेला मॅटपणा जाईल.