गुडघ्याचा थीसिस घेतलास ना? मग आधी एवढंच बघ

विषय उत्तम आहे. ठाणे-नवी मुंबईत गुडघेबदलाच्या पेशंटची वानवा नाही. फक्त सगळंच मोजायच्या फंदात पडू नकोस. एकच प्रश्न धर: वर्षभराने माणूस किती हिंडता-फिरता झाला?

- एथिक्स कमिटीची मंजुरी हातात पडल्याशिवाय एकही पेशंट घ्यायचा नाही. 'अर्ज दिलाय' चालत नाही.
- ऑक्सफर्ड नी स्कोअर (Knee Score, म्हणजे गुडघ्याच्या त्रासाबद्दल पेशंटने भरायची प्रश्नावली) ऑपरेशनच्या आधीच भरून घे. 12 प्रश्न, 0 ते 48 गुण, जास्त म्हणजे चांगलं. नंतर विचारलंस तर आठवणीतलं दुखणं मिळेल. मांडी घालणं त्यात नाही, आणि आपल्या आज्या नेमकं तेच आधी विचारतात! तो प्रश्न वेगळा ठेव, गुणांत मिसळू नकोस.
- इम्प्लांटच्या (कृत्रिम सांध्याच्या) खोक्यातला लॉट नंबरचा, म्हणजे बॅच नंबरचा, स्टिकर केसपेपरवर चिकटलाय का, ते ऑपरेशन थिएटरमध्येच बघ. डेप्यू कंपनीचे ए.एस.आर. नावाचे कृत्रिम खुबे 2010 मध्ये जगभरातून परत मागवले गेले. अशा वेळी पेशंट शोधायचा तो याच नंबरवरून.

नवखे हमखास अडकतात ते फॉलो-अपला. कळव्याच्या आजी टाके निघाले की लेकाकडे सावंतवाडीला जातात, आणि केसपेपरवरचा नंबर असतो शेजाऱ्याचा. घरातल्या दोघांचे नंबर घे. आला नाही म्हणजे बरा झाला, असं धरू नकोस. दुखणारा पेशंट कित्येकदा दुसरा डॉक्टर गाठतो.

उंदरांवरची मॉडेल्स, रिग्रेशनसारखी किचकट आकडेमोड वगैरे सध्या राहू दे. स्टॅटिस्टिशियनला मात्र पहिल्या पेशंटच्या आधी भेट. डेटा गोळा करून गेलास तर तोही काही करू शकणार नाही.