इंटरनेटवरची माहिती खरी की खोटी, हे लोक नेमकं कशावरून ठरवतात?

खरं सांगू? बहुतेकदा दिसण्यावरून. २००२ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अडीच हजारांहून जास्त लोकांना वेबसाइट्सची विश्वासार्हता जोखायला सांगितली, तर जवळपास ४६ टक्के शेऱ्यांत मांडणी, रंग, अक्षरं असल्याच गोष्टी! आणि यात फक्त नवखेच फसतात असं नाही. तिथल्याच नंतरच्या एका अभ्यासात इतिहासाचे पीएचडीधारकही रुबाबदार लोगो आणि डोमेनच्या नावाला (म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याला) भुलले. त्याच अभ्यासातले फॅक्ट-चेकर, म्हणजे माहितीची खातरजमा करणं हेच ज्यांचं काम, ते मात्र पानावर रेंगाळलेच नाहीत. लगेच नवा टॅब उघडून ती वेबसाइट चालवणाऱ्या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते शोधू लागले. मीही आता तेच करतो. वेबसाइटवरचं ‘आमच्याविषयी’ हे पान वाचून काय कळणार? स्वतःबद्दल वाईट कोण लिहील!