लहानपणी बाळदमा झालेल्या मुलाला वायुसेनेत पायलट होता येतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगा दहावीत, घर ठाण्यात घोडबंदर रोडला. तीन-चार वर्षांचा असताना धाप लागून दोनदा ॲडमिट करावं लागलं, डॉक्टरांनी बाळदमा सांगितला, काही पावसाळे पंप (इनहेलर) चालला. दुसरीनंतर धाप नाही, पंप बंद. ‘सकाळी शिंका येतात तेवढंच.’ त्याला एनडीएतून (खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) फायटर पायलट व्हायचंय. नातेवाईक म्हणतात, फॉर्मवर जुनं काही लिहूच नका.

ताई, आधी माझ्याबद्दल सांगतो. मी डॉक्टर नाही. वायुसेनेत मेडिकल असिस्टंट होतो, आता ऐरोलीत असतो. नोकरीत कागद लावणं, छातीची फुंकर-चाचणी करून घेणं, रांगेतल्या घाबरलेल्या पोरांना पाणी देणं हेच काम. उमेदवार फिट की अनफिट, हा निर्णय मेडिकल बोर्डाचे डॉक्टर घेतात. पण कोणत्या कागदावर त्यांची नजर थांबते ते जवळून पाहिलंय.

माझ्या मते दार बंद झालेलं नाही. आणि मला काळजी त्या दोन ॲडमिशनांची कमी वाटते, तुम्ही जाता जाता लिहिलेल्या शिंकांची जास्त.

नियम काय आहे ते पाहू. यूपीएससी एनडीएची जी अधिसूचना काढते तिच्या शेवटी तिन्ही दलांचे वैद्यकीय निकष छापलेले असतात. लोक अभ्यासक्रमाची पानं काढून घेतात आणि ही पानं सोडून देतात. वायुसेनेच्या निकषांत श्वसनाच्या भागात म्हटलंय की दमा, छातीतली घरघर किंवा ॲलर्जीची सर्दी यांचे वारंवार झटके येऊन गेले असतील तर उमेदवार नाकारला जाईल. वारंवार होणाऱ्या खोकल्या-ब्राँकायटिसबद्दलही तसंच. हा भाग फक्त फ्लाइंगसाठी नाही, त्यामुळे ‘पायलट नाही तर ग्राउंड ड्युटी घेऊ’ असा हिशोब इथे चालत नाही.

नेटवर ‘तेराव्या वाढदिवसाआधीचा दमा चालतो’ असं तुम्ही वाचलं असेल. तो अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा नियम आहे. तिथे तेरानंतरचा दमा अडवतो, आणि त्यातही सवलत मागायची सोय आहे. आपल्या निकषांत अशी वयाची रेषा आखलेली नाही. किती वेळा झालं, कधी थांबलं, आज छाती कशी आहे, हे बोर्ड बघतं.

इथेच तुमच्या मुलाची बाजू बरी दिसते. पाच वर्षांखालच्या पोरांच्या श्वासनळ्या मुळातच अरुंद असतात. साध्या विषाणूच्या सर्दीनेही त्या सुजतात, छाती शिट्टी मारते, मुलाला मशीनवर वाफ द्यावी लागते. अशा बऱ्याच मुलांचा त्रास शाळेत जायला लागल्यावर थांबतो. त्या वयात फुंकर-चाचणी नीट करता येत नाही, म्हणून डॉक्टर लक्षणांवरून बाळदमा म्हणतात आणि पंप देतात, ते योग्यच असतं. म्हणून घरातली जुनी डिस्चार्ज कार्डं शोधा. त्यावर तापासोबतची घरघर लिहिलीय, की ताप नसताना धुळीने, धावल्याने आलेली धाप, हा फरक मोठा आहे. पहिल्या प्रकारची मुलं यातून बाहेर पडण्याची शक्यता जास्त.

बोर्ड इतकं कडक का, हे मुलालाही कळू द्या, नाहीतर त्याला तो सरकारी आडमुठेपणा वाटेल. लढाऊ विमानात मास्कमधून कोरडा ऑक्सिजन ओढायचा असतो, आणि कोरडी हवा हे दम्याच्या नळ्यांना चिडवायचं हमखास साधन. वळणात शरीराचं वजन कित्येक पट होतं. रक्त डोक्यातून खाली उतरू नये म्हणून पाय-पोट आवळून, श्वास रोखून, ठरावीक लयीत झटक्याने सोडत राहावं लागतं. त्याच वेळी फुप्फुसांचा खालचा भाग दाबला जातो, आणि तिथे नुसता ऑक्सिजन भरलेला असेल तर तो रक्तात शोषला जाऊन तो भाग मिटतो. निरोगी पायलटलाही यामुळे खोकला येतो, छाती आवळते. केबिनचा दाब अचानक गेला तर आतली हवा फुगते, आणि सुजलेल्या नळीमागे अडकलेल्या हवेला बाहेर यायला वाट नसते. आणि एकट्याच्या कॉकपिटमध्ये कंट्रोल हातात घ्यायला दुसरं कुणी नसतं.

आता शिंका. ॲलर्जीची सर्दी त्याच नियमात दम्याशेजारी बसलेली आहे, आणि दोघांचं नातं जवळचं आहे: नाक आणि श्वासनळी एकाच वाटेचे दोन भाग. शिवाय विमान खाली उतरताना कानातला दाब बाहेरच्या दाबाशी जुळवायला नाकामागची नळी उघडी लागते. नाक सुजलेलं असेल तर कान आणि सायनस असे ठणकतात की माणूस दुसरा विचार करू शकत नाही. घोडबंदर रोडची धूळ, मेट्रोची खोदाई, रात्रभर चालणारे ट्रेलर, पावसाळ्यात भिंतीला येणारी बुरशी. अशा घरात सकाळच्या शिंका कुणाला आजार वाटत नाहीत. आमच्या ऐरोलीत एमआयडीसीचा वास आला की अर्धी सोसायटी शिंकते. पण बोर्डासमोर ‘रोज सकाळी’ हे शब्द जड पडतात. आत्ताच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. उशी-गादीतली धूळ, भिंतीची ओल, घरातली अगरबत्ती यांपासून सुरुवात करा. डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे दिला तर नियमित मारू द्या.

‘रेकॉर्ड स्वच्छ राहावं’ म्हणून औषध टाळायचं, हा प्रकार मी पाहिलाय आणि त्याचा मला राग येतो. पंपाची सवय लागते म्हणून घाबरणारे आईबाप असतातच, त्यात आता एनडीएची भर. पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट नळीत जातं. दम्याचा झटका मात्र जीव घेऊ शकतो. मुलाला पुन्हा घरघर लागली आणि डॉक्टरांनी पंप दिला, तर तो घ्यायचा. मग पायलट होणं राहिलं तर राहिलं.

आता लपवण्याबद्दल. नातेवाईकांचं एक म्हणणं खरं आहे. दोन झटक्यांच्या मधल्या काळात दम्याची छाती स्टेथोस्कोपला साफ लागू शकते, एक्स-रेही नॉर्मल येतो. पण वैद्यकीय तपासणीत उमेदवाराकडून पूर्वीच्या आजारांची माहिती लिहून आणि सही करून घेतली जाते. खोटं पुढे उघडं पडलं तर प्रश्न दम्याचा उरत नाही, खोटेपणाचा होतो. समजा उघडं पडलंच नाही. खडकवासल्याची पहाटेची दौड, नंतर दुंडीगलच्या अकॅडमीत उड्डाणाचं प्रशिक्षण, आणि तिथे घरघर परतली, तर पुन्हा मेडिकल बोर्ड, आणि कदाचित घरी. प्रशिक्षणात असताना आजारपणामुळे बाहेर पडलेल्या कॅडेटला माजी सैनिकाचा दर्जाही मिळत नाही. सतराव्या वर्षी ‘नाही’ ऐकणं त्यापेक्षा परवडतं.

मी तुमच्या जागी असतो तर एनडीएच्या तयारीच्या क्लासची फी भरण्याआधी छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन स्पायरोमेट्री, म्हणजे तीच फुंकर-चाचणी, करून घेतली असती. एकदा फुंकून, मग साल्ब्युटामॉल हे नळ्या मोकळ्या करणारं औषध देऊन पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकून. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा औषधानंतर १२ टक्के आणि २०० मिलीलिटरहून जास्त वाढली, तर नळ्या अजून आवळतात असा त्याचा अर्थ धरतात. एक रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून मात्र दमा नाही असं ठरत नाही, म्हणून धावण्याची चाचणी किंवा मेथाकोलिन चाचणी (नळ्या आवळणारं औषध हुंगायला देऊन केलेली) लागेल का ते विचारा. घरी बघण्यासारखं एक आहे: येऊरचा चढ किंवा उपवनची फेरी जोरात धावून तो थांबला की पाच ते पंधरा मिनिटांत खोकला येतो का, छाती आवळते का. धावताना दम लागणं वेगळं. दम्याची धाप बहुधा थांबल्यावर वाढते. पोरं हे घरी सांगत नाहीत, तेव्हा स्वतः जाऊन बघा.

हे सगळं साफ निघालं तर जुने कागद, नवे रिपोर्ट आणि डॉक्टरांचं पत्र एका फाइलमध्ये ठेवून त्याला बिनधास्त बसू द्या. वय साडेसोळा लागतं, अकरावी-बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स हवंच. लेखी, मग एसएसबी (सेनादलांच्या निवड मंडळाची मुलाखत), वायुसेनेसाठी सीपीएसएस ही पायलट चाचणी (आयुष्यात एकदाच देता येते, तिचा धाक दम्यापेक्षा मोठा असायला हवा), आणि मग फ्लाइंगवाल्यांची वैद्यकीय तपासणी दिल्लीच्या एएफसीएमई किंवा बंगळुरूच्या आयएएम या वायुसेनेच्या वैद्यकीय केंद्रांत. अनफिट ठरवलं तर कारण सांगतात आणि अपील मेडिकल बोर्ड मागता येतं. त्या वेळी ही फाइल कामाला येते. ‘मेडिकल करून देतो’ म्हणणारा कुणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

चाचणीत नळ्या अजून आवळताना दिसल्या, तर त्याला नागरी विमान वाहतुकीचा रस्ता दाखवा. तिथे डीजीसीएचं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) मेडिकल, आधी शिकाऊ पायलटचं क्लास २, मग व्यावसायिक पायलटचं क्लास १. नियंत्रणात असलेला सौम्य दमा आणि उड्डाणाला चालणारी औषधं यांचा विचार तिथे माणूस बघून होतो. खर्च मात्र घर गहाण ठेवायची वेळ आणणारा असतो, म्हणून क्लास २ हातात पडल्याशिवाय फ्लाइंग स्कूलला एक रुपयाही देऊ नका.